१९१४ च्या सप्टेंबरमधल्या रंगरुटांना खाकी घालू नका

प्रश्न थोडक्यात परत लिहितो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. पुण्यातला एक ग्रुप नाटक बसवतोय. इंग्लंडमधल्या यॉर्कशर भागातल्या एका गिरणीगावची सहा पोरं पहिलं महायुद्ध सुरू झाल्या झाल्या सैन्यात नाव घालतात. पहिला प्रवेश सप्टेंबर १९१४ चा, मधला डिसेंबरचा आणि शेवटचा ऑगस्ट १९१५ चा, फ्रान्सला निघताना स्टेशनवरचा. मध्येच एकाला ब्रायटनच्या हॉस्पिटलात जखमी मराठी शिपाई भेटतो. कपडेपटवाल्याने सहा खाकी ड्रेस, सहा लोखंडी टोप्या आणि पट्टे काढून ठेवलेत. ते चालतील का, आणि भरती झालेल्या पोराला तेव्हा सरकारकडून नक्की काय काय मिळायचं, असं विचारलंय.

नाही चालणार. पहिल्या दोन प्रवेशांना अजिबात नाही, शेवटच्याला खाकी लागेल पण हा नव्हे, आणि लोखंडी टोप्या तर कुठेच नकोत. मी बरीच वर्षं जुन्या काळावरच्या नाटकांचे आणि मालिकांचे कपडे कापतोय, त्या काळातले खरे ट्युनिक, म्हणजे शिपायाचे सैनिकी कोट, हातात घेऊन आतून बाहेरून बघितलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमच्या या सहा पोरांच्या बाबतीत कपडे म्हणजे नुसती सजावट नाहीये, अर्धी गोष्ट तिथेच आहे. सरकारने हाक मारली, पोरं लाखांनी धावत आली आणि त्यांच्या अंगावर घालायला सरकारकडे कापडच नव्हतं. कित्येक महिने नव्हतं. प्रेक्षकाला हे दिसलं पाहिजे असं मला फार मनापासून वाटतं, कारण सगळीकडे हीच पोरं पहिल्या दिवसापासून कडक खाकीत, बूट चमकवून उभी केलेली असतात आणि त्यांनी काढलेला तो चिखलातला हिवाळा पुसूनच जातो.

आता हे असं का झालं ते बघा. युद्धाआधी ब्रिटनचं कायमचं सैन्य अडीच लाखांच्या आसपास, त्यातलं निम्मं हिंदुस्थानात आणि इतर वसाहतींमध्ये. एवढ्यांचे कपडे पुरवायला लंडनला पिम्लिकोत सरकारी कपडे खातं होतं आणि ठरलेले गिरणीवाले होते, घडी नीट बसलेली होती. ४ ऑगस्टला युद्ध जाहीर झालं, किचनर युद्धमंत्री झाले, ७ ऑगस्टला पहिल्या एक लाख माणसांची हाक दिली, आणि मग नुसता पूर आला. ३ सप्टेंबर १९१४ या एका दिवशी ३३ हजारांवर माणसं भरती झाली, आणि नुसत्या सप्टेंबर महिन्याची बेरीज साडेचार लाखांच्या वर जाते. म्हणजे अख्ख्या सैन्याच्या जवळजवळ दुप्पट माणसं एका महिन्यात. कोठारातला साठा कुणाला पुरणार? त्यात आघाडीवर गेलेल्यांचे कपडे फाटत होते, हरवत होते, रक्ताने खराब होत होते, त्यांना आधी द्यावंच लागत होतं.

दुसरं कारण रंगाचं. तेव्हा कृत्रिम रंगांच्या धंद्यात जर्मनीचीच मक्तेदारी होती, ब्रिटनच्या कापडगिरण्यांचे बहुतेक रंग तिकडूनच यायचे आणि युद्ध सुरू होताच ते बंद झाले. सरकारने पुढे १९१५ मध्ये पैसा घालून ब्रिटिश डाइज नावाची कंपनी उभी केली, पण तुमच्या पोरांच्या पहिल्या हिवाळ्यात त्याचा काय उपयोग. शिवाय लोकरीचं खाकी कापड म्हणजे पांढरा तागा आणला आणि रंगाच्या हौदात बुडवला असं काम नसतं. लोकर आधी वेगवेगळ्या छटांत रंगवायची, मिसळायची, मग कातायची, विणायची, मग कुटून घट्ट करायची. म्हणून खरं सर्ज, म्हणजे गणवेशाचं हे लोकरी कापड, जवळून बघितलं की त्यात हिरवट, तपकिरी, पिवळट असे वेगवेगळे तंतू दिसतात आणि लांबून एकच मातकट रंग वाटतो. या सगळ्याला वेळ लागतो, गिरणी रात्रंदिवस चालवली तरी लागतो. आणि गंमत नाही, खरी कळ लागणारी गोष्ट ही की तुमची पोरं ज्या भागातली आहेत तिथेच हे कापड बनत होतं. हडर्सफिल्ड, ड्यूसबरी, बॅटली ही सगळी लोकरीची गावं आणि शेजारचं लीड्स तयार कपड्यांचं मोठं केंद्र. म्हणजे पोराची बहीण गिरणीत खाकीच्या मागावर उभी आणि पोरगा छावणीत स्वतःच्या जुन्या कोटात कवायत करतोय, असं खरोखर घडू शकत होतं. तुमच्या संहितेत बहिणीचं पात्र असेल तर एवढं एक वाक्य तिच्या तोंडी द्याच.

पहिला प्रवेश, सप्टेंबर

सगळे घरच्या कपड्यात. सरकारनेच सांगितलं होतं की चांगले बूट आणि ओव्हरकोट असेल तर घेऊन या, आणि त्याबद्दल थोडे पैसेही मिळायचे. तेव्हा प्रत्येकाचा धंदा कपड्यातून दाखवायची ही तुमची एकमेव संधी आहे, ती सोडू नका, नंतर सगळे एकसारखे होणार आहेत. गिरणीतल्या पोराला चपटी कापडी कॅप, गळ्याला मफलर, कॉलर नसलेला शर्ट, वेस्टकोट आणि पायात लाकडी तळव्याचे क्लॉग्ज, त्या भागातले कामगार तेच वापरायचे. कारकुनाला कडक पांढरी कॉलर आणि बोलर हॅट. दुकानातल्या पोराला उन्हाळ्यातली स्ट्रॉ हॅट पण चालेल, कवायतीच्या जुन्या फोटोंमध्ये असल्या हॅटवाले रांगेत उभे दिसतात. हातात छोटं पार्सल किंवा पिशवी, बस.

कपडे मात्र नवे दिसता कामा नयेत. हीच पोरं याच कपड्यात पुढचे कितीतरी आठवडे जमिनीवर लोळणार, तंबूत झोपणार, पावसात चालणार आहेत. म्हणून पहिल्या आणि दुसऱ्या प्रवेशाच्या मध्ये छावणीचा एखादा छोटा तुकडा असेल तर तेच कपडे पण आता कोपरं फाटलेली, बूट तोंड वासलेले, पँटच्या खालच्या काठाला चिखल वाळलेला असं दाखवा. बुटांचे हाल सगळ्यात वाईट होते, शहरातले पातळ तळव्याचे बूट रोजच्या मैलोन्मैल चालीला टिकत नाहीत आणि ज्याचे बूट गेले तो कवायतीतून बाद. बंदुका पण नव्हत्या, लाकडी बंदूक नाहीतर काठी घेऊन शिकवायचे, ते तुमच्या प्रॉपर्टीवाल्याला सांगून ठेवा, त्याचा खर्च वाचेल.

एक सामाजिक बाजू पण आहे. ऑगस्टच्या शेवटी फोकस्टन गावात एका निवृत्त ॲडमिरलने बायकांना हाताशी धरून, गणवेश नसलेल्या तरुण पुरुषांना पांढरं पीस द्यायची मोहीम काढली, पीस म्हणजे तू भित्रा आहेस. हे लोण देशभर पसरलं. आता विचार करा, पोरगा भरती झालाय, शपथ घेतलीये, पण अंगावर घरचाच कोट, आणि रविवारी गावात गेला की एखादी बाई येऊन पीस टोचते. म्हणून काही पलटणींनी दंडाला पट्टी नाहीतर कोटाला बिल्ला दिला, हा माणूस सैन्यात आहे एवढं कळायला. गणवेशासाठी ही पोरं इतकी तळमळत का होती ते यातून समजतं. तेव्हा प्रत्येकाच्या दंडाला साधी कापडी पट्टी नक्की द्या, स्वस्तात खूप काही सांगून जाते.

आणि नटांची उंची बघा. भरतीला किमान उंची ५ फूट ३ इंच होती, गर्दी आवरेना म्हणून ११ सप्टेंबरला ती एकदम ५ फूट ६ इंच केली, मग माणसं कमी पडायला लागली तशी ऑक्टोबर-नोव्हेंबरात टप्प्याने परत खाली आणली. तुमच्या सहातला कुणी बुटका असेल तर प्रवेशाची तारीख ११ च्या आधीची ठेवा, ३ किंवा ७ सप्टेंबर छान आहे.

दुसरा प्रवेश, डिसेंबर

इथे निळा. याला किचनर ब्लू म्हणतात आणि माझ्या मते हाच तुमच्या नाटकाचा मुख्य ड्रेस आहे. खाकी नाही म्हटल्यावर सरकारने जे मिळेल ते उचललं. पोस्ट खात्याच्या साठ्यातून निळ्या सर्जचे सुमारे पाच लाख सूट घेतले, बाजारातल्या व्यापाऱ्यांकडून लाखांनी ओव्हरकोट घेतले, अमेरिका-कॅनडात ऑर्डरी टाकल्या. काही ठिकाणी तर कोठारातले जुने लाल समारंभी डगले काढून दिले. वेल्समध्ये स्थानिक राखाडी लोकरी कापडाचे गणवेश केले, पण तुमची पोरं यॉर्कशरची, त्यामुळे ते सोडा.

निळा ड्रेस म्हणजे साधा गडद निळा कोट, गळ्यापर्यंत बटनं, तशीच पँट, डोक्यावर कडेला तिरकी बसणारी घडीची निळी टोपी, बहुतेकदा बिल्ल्याशिवाय. नमुने एकसारखे नव्हते, कुणाच्या छातीवर खिसे, कुणाच्या नाही, बटनं पण वेगवेगळी, म्हणून सहाच्या सहा ड्रेस हुबेहूब एकसारखे शिवू नका. मापं तर भयंकर. आलेल्या गठ्ठ्यातून क्वार्टरमास्टर, म्हणजे पलटणीचं सामान वाटणारा, अंदाजाने फेकायचा, मग पोरं आपापसात बदलून घ्यायची, हा एक अख्खा विनोदी प्रसंग होऊ शकतो आणि तो खरा आहे. बाही एकाला बोटांपर्यंत, दुसऱ्याला मनगटाच्या चार बोटं वर. पोरांना हा ड्रेस आवडायचा नाही, पोस्टमन नाहीतर ट्रामचा कंडक्टर वाटतो म्हणायचे, काहींना तुरुंगातल्या कैद्यासारखं वाटायचं. ज्याने देशासाठी लढायला म्हणून घर सोडलं त्याला लोक पोस्टमन समजले तर त्याला काय वाटेल, ते नटाच्या खांद्यात दिसू दे.

वरून ओव्हरकोट प्रत्येकाचा वेगळा, काळा, करडा, निळा, कुणाचा मखमली कॉलरचा, कारण ते साध्या दुकानातले नागरी कोट होते. निळ्या ड्रेसवर कमरेला जुनाट चामडी पट्टा चालेल. हे शिवायला तुम्हाला बाहेर कुठे जायची गरज नाही, शाळेच्या ब्लेझरचं जे नेव्ही ब्लू जाड कापड मिळतं ते एकदा कडक गरम पाण्यात धुवून घ्या, चकाकी गेली की काम झालं. त्यात पॉलिस्टर जास्त असेल तर लाइट पडल्यावर चमकतं, तेवढं कापड घेताना दुकानाच्या बाहेर उन्हात नेऊन बघा. खांदे भरू नका, आत अस्तर जाड नको, कोट अंगावर लोंबला पाहिजे.

एक सावधगिरी. याच काळात इंग्लंडमध्ये दुसरा एक निळा दिसतो, तो हॉस्पिटलचा. जखमी ब्रिटिश शिपायांना बरे होईपर्यंत चांगला ठसठशीत निळा सूट, पांढरा शर्ट आणि लाल टाय द्यायचे, कोटाची छातीवरची उलटी बाजू पांढरी दिसायची. तुमच्या ब्रायटनच्या प्रवेशात मागे कुणी ब्रिटिश जखमी असतील तर त्यांना तो द्या. पण दोन निळे एकमेकांत मिसळू देऊ नका, रंगात चांगला फरक ठेवा, नाहीतर प्रेक्षकाला सहाही पोरं आजारी वाटतील.

मिळायचं काय काय

पूर्ण संच असा एकदम हातात पडत नव्हता, तुकड्या-तुकड्याने यायचा, आज मोजे, पंधरा दिवसांनी शर्ट, बूट कधी तरी. पण पूर्ण झाला की त्यात ट्युनिक आणि पँट, ओव्हरकोट, टोपी, हातमागावरच्या घोंगडीसारखा खरखरीत करडा फ्लॅनेलचा शर्ट, तो बिनकॉलरचा आणि डोक्यातून घालायचा, छातीपर्यंतच बटनं, मग लोकरी अंडरपँट, विणलेला कार्डिगन, मोजे, गॅलस म्हणजे पँट धरणारे खांद्यावरचे पट्टे, पायाच्या पट्ट्या आणि खिळ्याचे बूट. पँटला पट्ट्याचे लूप नसतात, गॅलसची बटनं असतात आणि कंबर खूप वर येते, हे तुमचा टेलर हमखास विसरेल, जीन्सच्या कमरेवर शिवून ठेवेल आणि मग नटाने ट्युनिक काढलं की सगळं आजचं दिसेल.

त्याशिवाय एक गुंडाळी मिळायची, कापडी, आत कप्पे असलेली, त्यात वस्तरा, दाढीचा ब्रश, कंगवा, सुरी, काटा, चमचा, बुटाच्या जादा नाड्या. आणि एक छोटी शिवणाची पिशवी, सुया, दोरा, रफूची लोकर, चार बटनं. मला ही पिशवी फार जवळची वाटते. अठरा-एकोणीस वर्षांची पोरं, घरी आईने नाहीतर बहिणीने बटन लावून दिलेलं, आता मेणबत्तीच्या उजेडात स्वतः टाके घालतायत. आणखी एक वस्तू म्हणजे पितळेची चपटी पट्टी, मध्ये फट असलेली, ती बटनांच्या मागे सरकवायची, म्हणजे पॉलिश करताना कापडाला डाग लागत नाही. डिसेंबरच्या प्रवेशात पोरं गावातल्या कुणाच्या घरी राहिलेली दाखवणार असाल, त्या हिवाळ्यात पुष्कळांना तंबूतून काढून लोकांच्या घरी ठेवलं होतं, तर चुलीपाशी बसून एक जण बटन लावतोय आणि दुसरा पॉलिश करतोय एवढी हालचाल द्या, रिकाम्या हातांनी संवाद म्हणण्यापेक्षा कितीतरी बरं.

शेवटचा प्रवेश, ऑगस्ट १९१५

आता खाकी. १९१५ चा वसंत येता येता बहुतेक नव्या पलटणींना तो मिळाला, मे मध्ये पहिल्या नव्या डिव्हिजन फ्रान्सला गेल्या आणि मग उन्हाळाभर बाकीच्या. सप्टेंबरात आलेली यॉर्कशरची पोरं ऑगस्टमध्ये निघाली हे तारखेला धरून आहे, ते बदलू नका.

पण कपडेपटवाल्याकडचा खाकी म्हणजे आपल्या पोलिसांचा पिवळट सुती नाहीतर टेरिकॉट, तो इथे चालत नाही. हा लोकरीचा, जाड, रखरखीत, तपकिरीकडे झुकलेला हिरवट. स्वस्तात हवा असेल तर पानिपतला जुन्या लोकरीच्या चिंध्या पिंजून ब्लँकेट बनवतात ती बघा, बॅटली आणि ड्यूसबरीच्या गिरण्या चिंध्यांपासून कापड करण्यासाठीच प्रसिद्ध होत्या, त्यामुळे पोत आश्चर्य वाटेल इतका जवळ जातो. मिश्र मातकट छटा निवडा, सपाट एकरंगी नको.

ट्युनिक १९०२ च्या नमुन्याचं. पडती कॉलर, गळ्याशी हूक, पुढे पाच पितळी बटनं, छातीवर दोन झाकणाचे खिसे, खाली घेरात दोन खिसे. मूळ नमुन्यात छातीच्या खिशाला मध्ये चुणी असते आणि दोन्ही खांद्यांवर बंदुकीच्या दस्त्याने झिजू नये म्हणून जादा कापडाचा तुकडा शिवलेला असतो. युद्धात घाई म्हणून सोपा नमुना काढला, त्यात खांद्याचे तुकडे गेले, चुण्या गेल्या. तुमच्या पोरांना मी हा सोपा नमुनाच देईन, शिवायलाही सोपा. आत उजव्या बाजूला घेराच्या कोपऱ्यात एक लहान खिसा असतो, बाहेरून दिसत नाही, तो जखमेवर बांधायच्या पहिल्या पट्टीसाठी. असं ट्युनिक हातात घेऊन पहिल्यांदा उलटं केलं आणि तो खिसा बोटाला लागला तेव्हा मला थांबावंच लागलं. बाकी सगळ्यात काटकसर केली, चुणी काढली, तुकडा काढला, पण हा खिसा काढला नाही, कारण हा अंगावर चढवणारा माणूस जखमी होणार हे कापणाऱ्याला माहीत होतं. नाटकात एखाद्याने निघायच्या आधी त्या खिशावरून नुसता हात फिरवला तरी चालेल, संवाद नको.

पायाच्या पट्ट्या. साधारण चार इंच रुंद, अडीच मीटरच्या आसपास लांब, शेवटी नाडी. पायदळ घोट्यापासून सुरू करून वर गुंडाळत नेतं आणि नाडी गुडघ्याखाली बांधतं, घोडदळ उलट, वरून खाली, नाडी घोट्याला. नाटकात दहापैकी नऊ वेळा हे चुकतं. क्रिकेटच्या बॅटला ग्रिप गुंडाळतो तसा प्रत्येक वेढा आधीच्यावर सारखा चढला पाहिजे, आणि सुरुवातीला मोकळी गुंडाळी घेऊन घोट्याकडून जायचं म्हणजे चालताना सुटत नाही. फार आवळू नका, नटाच्या पोटऱ्या बधिर होतील, खंदकातल्या थंड पाण्यात पाय सडायचे त्यात घट्ट पट्ट्यांचाही हात आहे असं सैन्याच्या पुढे लक्षात आलं होतं. हा माल लोकरीचाच हवा, क्रेप बँडेज रंगवून चालत नाही, ताणलं जातं आणि घसरतं. नटांना रोज तालमीला बांधायला लावा, निदान पंधरा दिवस आधीपासून.

पट्टे आणि काडतुसांचे खिसे चामड्याचे द्या. कायमच्या सैन्याकडे विणलेल्या जाड सुती पट्ट्यांचा संच होता, तो बनवणाऱ्यांना एवढी मागणी झेपेना, म्हणून नव्या पलटणींसाठी १९१४ मध्ये चामडी नमुना काढला, त्यातले बरेच अमेरिकेत बनले. कमरेला सापाच्या आकाराच्या हुकाचा पट्टा, पुढे दोन चामडी खिसे, पाठीवरची पिशवी मात्र कॅनव्हासची. कपडेपटवाल्याकडचा सुती संच परत करा.

लोखंडी टोपी परत करा. ब्रिटिश सैन्यात ती १९१५ च्या शरदात थोडी थोडी यायला लागली, सगळ्यांना मिळेपर्यंत १९१६ उजाडलं. तुमची पोरं कापडी टोपी घालूनच निघाली, पुढे बिल्ला, आता पलटणीचा खरा बिल्ला. आणि मिशा. तेव्हाच्या नियमाप्रमाणे वरच्या ओठावर वस्तरा फिरवायला मनाई होती, ती ऑक्टोबर १९१६ मध्ये उठली. पोरगेल्या चेहऱ्यावर काय उगवतं तेवढं ठेवा, पण सहाही जण गुळगुळीत नकोत.

ब्रायटनचा मराठी शिपाई

याच्यासाठी एक विनंती. संहितेत तो मराठा पलटणीचा आहे असं लिहिलंय. ११०, ११७ आणि १०३ नंबरच्या मराठा पलटणी तेव्हा मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनबरोबर होत्या, फ्रान्सला नाही. मग तो ब्रायटनला कसा पोचला? पण उत्तर तुमच्या घराशेजारीच आहे. खडकीच्या सॅपर्सच्या, म्हणजे सैन्यातल्या खणकाम-बांधकाम करणाऱ्या इंजिनियर शिपायांच्या, २० आणि २१ नंबरच्या कंपन्या लाहोर डिव्हिजनबरोबर फ्रान्सला गेल्या, २८ ऑक्टोबर १९१४ ला नव्ह शापेल गावात ४७ नंबरच्या शीख पलटणीबरोबर घुसल्या आणि तिथे त्यांची फार मोठी हानी झाली. या सॅपर्समध्ये मराठे होते. त्याला खडकीचा सॅपर करा, एका शब्दाच्या बदलात तो खरा होतो, आणि पुण्याच्या प्रेक्षकाला खडकी म्हटल्यावर काही सांगावं लागणार नाही.

कपड्यांचंही त्याचं दुःख तुमच्या पोरांसारखंच. हिंदी सैन्य २६ सप्टेंबर १९१४ पासून फ्रान्सच्या मार्सेल्स बंदरात उतरायला लागलं ते पातळ सुती खाकी ड्रिलमध्ये, आणि उत्तर फ्रान्सचा हिवाळा समोर. गरम कपडे मागाहून, तुकड्या-तुकड्याने मिळाले, तोवर माणसं खंदकात पोचली होती. म्हणजे एक पोरगा पोस्टमनच्या निळ्यात आणि एक सुती सदऱ्यात, दोघंही एकाच सरकारच्या अपुऱ्या कोठाराचे, या दोघांना समोरासमोर बसवून तुम्हाला काही बोलायला लावायचं असेल तर हेच बोलणं आहे. ब्रायटनच्या रॉयल पॅव्हेलियन या जुन्या राजवाड्यातलं हिंदी जखमींचं हॉस्पिटल डिसेंबर १९१४ ला सुरू झालं, त्यामुळे हा प्रवेश त्याच्या आधी नको, जानेवारी-फेब्रुवारी चांगला, तेव्हा तुमचं पोरगं निळ्यातच असेल. सॅपरला डोक्यावर पगडी आणि अंगावर लांब गरम कोट द्या, तिथल्या फोटोंमध्ये हिंदी जखमी असेच हिरवळीवर बसलेले दिसतात. पगडी बांधलेली घ्या, तयार शिवलेली टोपीसारखी नको.

आता पैशाचं. एवढे ड्रेस परवडणार नाहीत असं वाटत असेल तर क्रम असा लावा. पहिला प्रवेश जुन्या बाजारातून निघतो, वेस्टकोट आणि कॅप सोडून काही शिवावं लागत नाही. सगळा खर्च निळ्यावर करा. खाकी शेवटच्या प्रवेशात थोडाच वेळ आहे, तिथे चार जणांना ओव्हरकोट घालून उभे केलेत तर ट्युनिक दोनच लागतील, ऑगस्ट असला तरी निघताना ओव्हरकोट पाठीवरच्या ओझ्यात असतो, तेव्हा अंगावर घालायचं कारण म्हणून पाऊस लावा, इंग्लंडात तो कधीही पडतो. बुटांना खरे खिळे ठोकू नका, लाकडी रंगमंचावर नट घसरून पडतात, टाचेला फक्त लोखंडी नाल लावा आणि तळव्याला रबर ठेवा, आवाज पुरेसा येतो.